जवस म्हणून दिलेलं तेल

अक्का, तुला समाधीत बसवायला आम्ही दोघं खाली उतरलो होतो, दाजी आणि मी. घरी घातलेली मांडी तशीच होती. आम्हाला फक्त तुला खड्ड्यातल्या कोनाड्यात सरकवून पाठ मातीला टेकवायची होती. दाजींनी गुडघे धरले, मी बाजूनं खांदे. वरून स्वामी सांगत होते, मान सरळ करा, हळू, हळू. तेव्हा तुझा कान माझ्या तोंडापाशी आला. एक वीत अंतर असेल. मग स्वामी वाकले, तुझ्या गळ्यातलं इष्टलिंग सोडून त्यांनी ते तुझ्या डाव्या तळहातावर ठेवलं आणि तुझी बोटं त्यावर मिटवली. विभूती, बेल, मीठ. तेवढा सगळा वेळ तुझा कान तिथंच होता. मला जे सांगायचं होतं ते एका वाक्यात सांगून झालं असतं. मी दाजींना म्हणालो, "डावीकडं जरा घ्या," आणि वर आलो.

आज अकरा दिवस झाले. तुझा जन्म, लग्न, सासर-माहेर हे सगळं दाजींनी पत्रिकेत छापलंय, ते मी पुन्हा लिहीत नाही. मला एकच लिहायचंय आणि ते आधी लिहून टाकतो, नाहीतर इकडचं तिकडचं बोलत बसेन. तुला माझी सवय माहीत आहे. अक्का, जवळजवळ दोन वर्षं मी तुला ज्या गोळ्या जवसाच्या तेलाच्या म्हणून दिल्या, त्या माशाच्या तेलाच्या होत्या.

लिहिलं. आता पुढचं सुचत नाही.

तुझा नेम काय होता ते मला माहीत नव्हतं असं नाही. सकाळी आंघोळ, तळहातावर लिंग, पूजा, आणि मगच पाण्याचा पहिला घोट. तापानं फणफणलेली असायचीस तरी हेच. नांदेडला माझ्याकडं आलीस की बिस्किटाचा पुडा हातात घेऊन आधी हिरवा ठिपका शोधायचीस. सातवीपर्यंत शिकलीस, ती शाळा असे पुडे वाचण्यात खर्ची घातलीस. केक तर तोंडात घातलाच नाहीस कधी. माझ्या वाढदिवसाला सगळे खात होते आणि तू शेवेची वाटी घेऊन खिडकीत. मी चिडवलं, "अक्का, एवढ्याशा अंड्यानं काय होतंय?" तू म्हणालीस, "मला काय होतंय म्हणून सोडलं न्हाई रे. सोडलंय म्हणून सोडलंय."

हे उत्तर माझ्या लक्षात राहिलं नाही असंही नाही. राहिलं होतं. तरी केलं.

आई गेली तेव्हा मी चौथीत होतो. तू मला देवणीला तुझ्या घरी घेऊन आलीस. दाजींचं किराणा दुकान पुढं, घर मागं. सगळे मला नावानं हाक मारायचे, तूच एकटी कानडीत 'तम्मा' म्हणायचीस. धाकटा भाऊ. तुला मूल झालं नाही आणि कुणी त्यावरून हळहळायला लागलं की तू माझ्याकडं बोट दाखवायचीस, "मग हे काय हाय? गाठोडं हाय का?"

बारावीनंतर उदगीरला मत्स्यशास्त्राला माझा नंबर लागला तेव्हा आपल्या भावकीत दोन दिवस दुसरा विषय नव्हता. लिंगायताचं पोरगं मासे चिरणार. दुकानाच्या पायरीवर बसून लोक दाजींना समजावत होते आणि दाजी नुसते तराजू पुसत होते. तू आतून आलीस. पदर खोचलेला, हाताला पीठ. म्हणालीस, "तुमच्या शेजारच्याचा पोरगा डाक्टरीला गेला तर पेढे खाल्लात की. ते तर माणसं चिरतात." एकेक करून लोक पायरीवरून उठले. माझ्या घरातला पहिला पदवीधर मी, हे मी छाती काढून सांगतो. पण ती पदवी त्या दिवशी तू पिठाच्या हातानं दिलीस, हे मी तुला कधी बोलून दाखवलं नाही. असं काही बोलायची आपल्यात पद्धत नव्हती. पद्धत नव्हती म्हणून किती गोष्टी राहिल्या.

शेवटच्या वर्षी आमच्या सरांनी किनाऱ्यावरच्या एका प्रयोगशाळेतून खोल समुद्रातल्या एका माशाच्या कानातले खडे मागवले. 'ऑरेंज रफी' त्याचं नाव. समुद्र मी तोवर पाहिलेला नव्हता, आणि मला अभ्यासाला मिळाला तो मासा दर्यात पाऊण-एक किलोमीटर खाली राहणारा. मी घरी येऊन तुला त्याचं चित्र दाखवलं. मोठं हाडाचं डोकं, त्यात पन्हाळीसारख्या खाचा, त्या खाचांत शेंबडासारखा बुळबुळीत द्रव. मी सांगितलं की याचं आधीचं इंग्रजी नाव 'शेंबड्या डोक्याचा' असंच काहीतरी होतं, पण त्या नावानं कोण विकत घेणार, म्हणून बाजारात नाव बदललं. तू पोळपाट सोडून हसत बसलीस. तेव्हापासून तो तुझा 'शेंबड्या'. मी कॉलेजातून आलो की पहिला प्रश्न, "काय म्हणतोय शेंबड्या?"

तू किती विचारायचीस. आता नांदेडला मी शिकवतो, पण विद्यार्थ्यांनी आजवर तेवढं विचारलेलं नाही. तिथं उजेड जातो का? नाही. मग त्याला सकाळ कशी कळती? कळत नाही, अक्का. मग तो उठतो कधी? मी म्हणायचो, तो बराचसा वेळ तळाजवळ निपचितच असतो, ताकद राखून. कोळंबी, माकूळ, बारीक मासे समोर आले की खातो. रंगानं विटेसारखा लाल असतो, पण तांबडा उजेड तेवढ्या खोल पोचत नाही, त्यामुळं खाली तो काळाच दिसतो, कुणाला सापडत नाही. नारिंगी होतो तो मेल्यावर, वर काढल्यावर. तू म्हणालीस, "म्हंजे नाव ठेवलं ते मेल्यावरच्या रंगावरून. जिता कसा हाय ते इचारलंच न्हाई कुणी."

मग ते वयाचं भांडण. ते आपलं शेवटपर्यंत मिटलं नाही. मी सांगितलं होतं की त्या कानातल्या खड्याची पातळ चकती कापली की त्यात वर्तुळं दिसतात, झाडाच्या खोडात असतात तशी. ती सूक्ष्मदर्शकाखाली मोजायची, वय कळतं. हा मासा तिशीच्या आसपास वयात येतो. शंभर, दीडशे वर्षंही जगतो. तू बोटांवर पिढ्या मोजल्यास. मग म्हणालीस,

"माझ्या पणजीच्या वेळंचा मासा अजून पोहायलाय?"

"असू शकतो."

"अन् लोक त्याला खातात."

"खातात. चवीला चांगला म्हणतात. समुद्राच्या तळाला डोंगर असतात, तिथं हे अंडी घालायला हजारोंनी गोळा होतात. तिथंच जाळं टाकतात."

"मग तू कामून मोजतो त्याचं वय?"

"किती धरायचे ते ठरवता यावं म्हणून. नाहीतर संपतील."

"म्हंजे वय इचारून मारता."

मी चिडलो. म्हणालो, किनाऱ्यावरच्या लोकांचं पोट आहे त्याच्यावर, तुझ्यासारखं ज्वारी आणि तूर सगळीकडं पिकत नाही. तू म्हणालीस, "त्यांना मी काय म्हणायले? तुला म्हणायले." दर दिवाळीला हे भांडण पुन्हा निघायचं आणि दर वेळी तूच चहा ठेवून ते अर्ध्यावर सोडायचीस. मला आज ते पुढं न्यायचंय, अक्का. मी हरायला तयार आहे.

मग तुझी धाप सुरू झाली. तुला लातूरला हृदयाच्या दवाखान्यात दाखवलं. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या, चालायला सांगितलं, तेल-तूप कमी. तू चप्पल घालत होतीस तेव्हा मीच मागं थांबलो आणि विचारलं, "सर, फिश ऑइल दिलं तर?" ते म्हणाले, "काहींना देतो. यांना द्यायलाच पाहिजे असं नाही. शाकाहारी आहेत ना, जवस खाऊ द्या." त्यातलं मी ऐकलं ते 'काहींना देतो' एवढंच.

जवस तर तू खातच होतीस. जवसाच्या चटणीशिवाय तुझं जेवण झालं नाही. पण मी शिकलेला ना. जवसातलं तेल शरीराला जसंच्या तसं वापरता येत नाही, त्यातलं थोडंच बदलून कामाला येतं, माशाचं थेट लागू पडतं, हे मी वर्गात फळ्यावर आकृती काढून सांगतो. घरातला एकटा सायन्स शिकलेला माणूस, त्याची बहीण चार पायऱ्या चढून धापा टाकते आणि तो नुसता बघत बसणार? मला वाटलं, मी शिकलो ते याच दिवसासाठी.

नांदेडहून बाटली आणली. तांबूस ठिपका असलेलं लेबल पाण्यात भिजवून खरडलं, डागसुद्धा ठेवला नाही. गोळ्यांचं कवचही जनावराचंच असतं, तेही मला ठाऊक होतं. तू बाटली उजेडात धरलीस.

"कागद कुठं गेला हिचा?"

"बॅगेत पाणी सांडलं, निघाला."

"काय हाय ह्यात?"

"जवसाचं तेल. ताकदीचं असतं."

"जवस तर घरात हाय की."

"हे शुद्ध केलेलं असतं, अक्का. रोज एक."

तू माझ्याकडं बघितलंस. फार वेळ नाही. मग म्हणालीस, "तू म्हणतोस तर घेते." एकदा विचारलंस आणि परत कधी विचारलं नाहीस. मला त्याचा आनंद झाला होता. एवढा विश्वास आहे म्हटलं आपल्यावर.

आता त्या दोन वर्षांतलं एकेक आठवतंय आणि मला कुठं तोंड लपवावं ते कळत नाही.

एकदा जेवताना तुला ढेकर आला आणि दाजी म्हणाले, "तुझ्या ह्या जवसाला कसला वास हाय गं? आपल्या रानातल्या जवसाला न्हवता असा." मी ताटात बघायला लागलो. तू शांतपणे दाजींना भाकरी वाढत म्हणालीस, "नांदेडचं जवस हाय ते. शहरात समदंच वास मारतंय." दाजी हसले. मीही हसलो. तू हसली नाहीस.

आणि त्यानंतरची ती सकाळ. मी सुट्टीला आलो होतो, तू मेथी निवडत होतीस. विषय नव्हता काही, आणि तू एकदम विचारलंस, "तम्मा, शेंबड्याच्या अंगात तेल असतंय का रे?"

मला किती बरं वाटलं. इतक्या दिवसांनी तुला शेंबड्या आठवला. मी मांडी ठोकून सांगायला बसलो. असतं अक्का, भरपूर असतं. वरच्या माशांच्या पोटात हवेची पिशवी असते तरंगायला. एवढ्या खोलावर पाण्याचा दाब फार, म्हणून ह्याच्या पिशवीत चरबी असते, मेणासारखी, तिच्यामुळं तो न बुडता न वर येता राहतो.

"मग ते औषधाला वापरतात का?"

"छे, ते माणसाला पचत नाही. औषधाचं तेल वेगळं. ते तारलीचं वगैरे काढतात, वरच्या पाण्यातला बारीक मासा."

"तारलीचं."

"हां. म्हणजे, काही औषधं असतात तशी."

"हं," तू म्हणालीस. आणि मेथीच्या काड्या गोळा करून उठलीस.

अक्का, तू तेव्हा मला विचारत होतीस. दोन वर्षांत तेवढं एकदा दार उघडून उभी राहिलीस, की ये, सांग, मी ऐकते. आणि मी तुझ्यापुढं तास घेतला. दुसऱ्या दिवशी सकाळी पूजा आटोपून तू माझ्यासमोर ती गोळी जिभेवर ठेवलीस आणि पाण्यासोबत गिळलीस. माझ्याकडं बघत. मला वाटलं, बघ, अक्का किती नियमानं औषध घेते.

परवा तुझ्या खोलीत ती बाटली दिसली. अर्धी भरलेली. मी स्वतःला बजावत आलो होतो की तुला कळलंच नव्हतं. आपल्या घरात सात पिढ्यांत मासा शिजला नाही, वास ओळखणार कोण? ह्याच हिशोबावर मी सगळं केलं होतं. एक गोळी काढली आणि दातानं फोडली. तो वास तोंडात पसरला आणि मला परसातला धुण्याचा दगड दिसला. उदगीरला होतो तेव्हा दर शनिवारी मी प्रयोगशाळेतला एप्रन घरी आणायचो. तू तो घरात येऊ द्यायची नाहीस. परसात वेगळं घमेलं, वेगळा साबण, वर लिंबाचा पाला चोळायचीस, आणि तो वाळत घातला की पुन्हा आंघोळ करून मगच पूजेला बसायचीस. मी म्हणायचो मी धुतो. तू म्हणायचीस, "तुला निघणार न्हाई हा वास. मला आता कळलंय कसा निघतो ते." चार वर्षं. दर शनिवारी.

देवणीत त्या आळीतल्या एकाच बाईला माशाचा वास पाठ होता, आणि तो मीच तिला शिकवलेला.

म्हणजे तुला माहीत होतं. की नव्हतं? अक्का, मी वेडा होईन. माहीत नव्हतं तर मी तुझा जन्मभराचा नेम तुला न सांगता मोडला. माहीत होतं तर तू तो स्वतः मोडत राहिलीस, रोज सकाळी, पूजेनंतर, लिंग गळ्यात घालून. आणि कशासाठी? तुला त्या गोळ्यांवर विश्वास नव्हता. तुला मी तोंडघशी पडायला नको होतो. तम्मा शिकलाय, त्याच्या शिक्षणाचा बहिणीला काहीतरी उपयोग झाला असं त्याला वाटू दे. हे दुसरं खरं असेल तर ते मला पहिल्यापेक्षा जड आहे. पहिल्यात निदान मोडणारा मी एकटाच होतो.

काल दाजींना सांगितलं. दुकान बंदच आहे, ते फळीवर बसले होते. मी सगळं सांगितलं, खरडलेल्या लेबलापासून. त्यांनी मध्ये एकदाही थांबवलं नाही. मला वाटत होतं त्यांनी उठून मारावं. मारलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

मी विचारलं, "दाजी, तिला कळलं होतं का? तुम्हाला काही बोलली का कधी?"

"न्हाई."

"तुम्हाला काय वाटतं?"

"मला काय वाटतंय त्याला काय करायचंय?" मग म्हणाले, "तुला एक इचारतो. शिकलेला हाईस, नीट सांग. त्या गोळ्यांनी तिला फायदा झाला का?"

आयुष्यात इतक्या परीक्षा दिल्या, असा प्रश्न कुणी विचारला नव्हता. मी म्हणालो, "माहीत न्हाई, दाजी. बहुतेक न्हाई. खात्री तेव्हाबी नव्हती."

"एवढं तिला सांगायचं होतंस."

"सांगितलं असतं तर तिनं घेतली नसती."

"न्हाई घेतली असती," दाजी म्हणाले. "तोंडावर न्हाई म्हणाली असती तुला. पण ते तिनं म्हणलं असतं."

टोपी घालून ते आत गेले.

मी तेव्हापासून इथंच बसलोय. मी तुझ्याकडून काय घेतलं ते मला दाजींनी सांगितलं. मला वाटत होतं मी तुझा नेम घेतला. मी तुझं 'नाही' घेतलं, अक्का. भावकीला पायरीवरून उठवणारं, दिवाळीच्या भांडणात मला गप्प करणारं, खिडकीत शेव खात बसणारं तुझं 'नाही'. ते विचारायचीच मला भीती वाटली, कारण तू ते म्हणाली असतीस आणि मग मला काही करण्यासारखं उरलं नसतं. एवढं शिकून नुसतं तुझ्याजवळ बसून राहावं लागलं असतं. तेवढं माझ्यानं झालं नाही.

म्हणून आज विचारतो. फार उशिरा विचारतो, मला कळतंय. अक्का, हे माशाचं तेल आहे. तारलीचं. ह्यानं तुझी धाप कमी होईल की नाही मला सांगता येत नाही. डॉक्टर गरज नाही म्हणतात. मला भीती वाटते म्हणून मी आणलंय, दुसरं काही कारण नाही. घेशील का?

नाही म्हण. माझ्या तोंडावर म्हण. तुझ्या आवाजात एकदा मला नाही म्हण ना, अक्का.